खिडकीची जागा

पांढुर्ण्याहून सौंसरला जाणाऱ्या बसमध्ये शेवटच्या खिडकीत एका आजींनी नवऱ्याचा हार घातलेला फोटो बसवला होता. फोटोपुढे आजोबांची सुपारीची डबी.

फोटोकडे बोट करून आजी म्हणाल्या, “लेकीनं नव्या घरात यायच्यासाठी कोनाडा केला. तिथंच नेऊन राहिली.”

“आजी, खिडकीत मी बसू?” मी विचारलं.

“नाही वो बाई. यायले बस लागते.”

मेलेल्या माणसाला बस लागते? बस मला लागते! मी धुमसत शेजारच्या सीटवर बसले.

वळणांवर माझा चेहरा पाहून आजी फोटोला म्हणाल्या, “सरका वो, पोरगी उलटी करन.”

खिडकी मिळाली, लगेच फोटोही मांडीवर आला.

“तोंड बाहेर ठेवजो यायचं.”

वैतागून मी फोटो वाऱ्याकडे वळवला. हार उडू नये म्हणून सौंसरपर्यंत धरून ठेवला.