कप्पीचं दार

डर्वेंट नदीच्या काठावरची जुनी लाकडी सूतगिरणी जळाली, तेव्हा केझाया रॅग अठरा वर्षांची होती. तेल पिऊन काळ्या पडलेल्या तिथल्या फळ्या कापरासारख्या पेटल्या. जिन्याकडे धावलेल्या बायका जिन्यासकट गेल्या. केझाया मात्र कप्पीच्या दाराकडे पळाली. कापसाचे गठ्ठे दोराने वर ओढून घ्यायचं ते दार. खाली थेट गिरणीचं चाक फिरवणाऱ्या पाण्याचा पाट. डोळे मिटून तिने उडी टाकली आणि वाचली. पण भीती जी बोकांडी बसली ती बसलीच. चूल विझवली तरी राखेत हात घातल्याशिवाय तिला झोप येत नसे.

मालकाने त्याच जागी नवी गिरणी उभारली. लाकडाचं नाव नाही. बिडाचे खांब, बिडाच्या तुळया, तुळयांमध्ये विटांच्या कमानी आणि कोपऱ्यात दगडी जिना. पाटसुद्धा वळवून इमारतीच्या पोटाखालून आतल्या चाकावर नेला. कप्पीच्या दाराखाली पूर्वी पाणी होतं तिथे आता फरसबंद अंगण झालं. केझाया ते रोज ओलांडून तळमजल्यावर कामाला जाई. वरच्या मजल्यावर मात्र ती कधीच चढली नाही.

मुकादम इनॉक बॅगशॉ चिडवायचा, "केझायाबाई, चूल कधी जळून खाक झालेली बघितलीत? ही गिरणी म्हणजे चूलच समजा!"

"मग बसा की चुलीत. मी खालीच बरी."

पुढे तिची एकुलती एक लेक टॅमर चौथ्या मजल्यावर कापूस पिंजायला लागली. तेव्हापासून केझायाचा जीव टांगणीला.

"धूर दिसला की जिन्याच्या वाटेला जायचं नाही. कप्पीचं दार गाठायचं."

"अगं आई, जिना आता दगडाचा आहे!"

"दगडाचा असो नाहीतर सोन्याचा!"

एका दुपारी केझाया अंगणात ओटची भाकरी खात बसली होती, आणि चौथ्या मजल्याच्या खिडक्यांतून धूर आला. भाकरी हातातून गळाली. वर कप्पीच्या दारात टॅमर दिसली, खोकत, खाली बघत, घुटमळत.

"थांब गं! जिन्याने ये!" बॅगशॉ ओरडला.

"उडी मार! टॅमर, उडी मार!" केझाया किंचाळली. पायाखाली फरशी होती, पण देवाशपथ, तिच्या डोळ्यांना पाटच दिसत होता.

आईचा आवाज मोठा ठरला.

वर कापसाचा एक ढीग तेवढा जळाला. बाकीच्या बाया खोकत, शिव्या देत जिन्याने खाली आल्या. एकीने तर जेवणाचा डबाही सोडला नव्हता. जिन्याला धगसुद्धा लागली नव्हती.

फरशीवर पडलेली टॅमर अजून शुद्धीवर होती. "तू सांगितलंस ना, आई," ती पुटपुटली.

"हो गं बाय, मीच सांगितलं," केझाया म्हणाली, आणि लेकीचा श्वास थांबला तरी तेच म्हणत राहिली.