डाव्या हाताचा फोटो

आई लोकांच्या शेतात तण निंदायला जायची, बाबा धाड गावच्या बाजारात पोती उचलायचे. मला सांभाळायला घरात कोणी नव्हतं. आई मला शेताच्या धुऱ्यावर, बांधावर बसवून ठेवायची. एकदा माझ्या पायाजवळून साप गेला आणि आईनं कामच सोडलं. चूल दिवसातून एकदाच पेटायला लागली. मग बाबांनी चार वर्षांच्या मला शाळेत नेलं आणि गुरुजींना सांगितलं, "सहा पूर्ण झाले." शाळेत खिचडी मिळायची. आई परत कामाला लागली.

सातवीत असताना शाळेत आरोग्य तपासणीवाले आले. भिंतीला टेकवून सगळ्यांची उंची मोजली. माझी दोनदा मोजली. त्यांच्यातल्या बाईंनी विचारलं, "बारा वर्षांची ना ही?"

मागून एक पोरगी म्हणाली, "हिले युरिया टाका बाई, मंग वाढीन."

मला चिठ्ठी मिळाली, बुलडाण्याला दवाखान्यात दाखवा. शेजारची काकू सहज बोलून गेली, "डाव्या हाताचा फोटो काढतीन आता. हाडावरून वय समजते म्हणे."

त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. मीही नाही. दाखल्यावरचं वय खोटं आहे हे आम्हा तिघांनाच माहीत होतं. आम्ही तिघं जीपनं निघालो. बाबा कानाशी म्हणाले, "तू कायीच बोलू नको. खोटं निंगालं तं शाळेतून नाव काटतीन." मी डावी मूठ आवळून बसले. बुलडाणा येईपर्यंत उघडली नाही.

सरकारी दवाखान्यात थंड पाटीवर पंजा ठेवायला लावला. मी मधेच मूठ आवळली आणि फोटो पुन्हा काढावा लागला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडात धरला. बोटांच्या पेरांपाशी, मनगटाशी हाडं सुटी होती, मधे काळ्या फटी. माझा हात आतून तुटला होता!

"हाडं दहाची दिसतात, कागद बाराचा. वाढ मागे पडली असेल तर अकोल्याला पाठवावं लागेल. रक्त तपासायचं, कदाचित इंजेक्शनं."

"बरं," बाबा म्हणाले. मान वर केली नाही. मला कळलं, बाबा मला सुया टोचू देतील, पण शाळा जाऊ देणार नाहीत.

आईला राहवलं नाही. "अकोल्याले काऊन? पोरगी बरोबर आहे बाई, कागदच खोटा आहे. गावात पाण्याची टाकी झाली त्या साली, बुद्धपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी झाली हे. टाकीवर साल लिहेलं आहे, पाहून घ्या!"

बाबांनी हात जोडले. "नाव नोका काटू बाई. चुकी माही आहे, तिची नाही."

"नाव काटायला मी काय हेडमास्तर आहे?" त्या म्हणाल्या. मग फटीवर पेन टेकवून मला म्हणाल्या, "हे तुटलेलं नाही गं. इथं कोवळं हाड असतं. पायातही अशाच फटी असतात, उंची तिथून वाढते. पाळी आल्यावर दोन-तीन वर्षांत या फटी बुजतात. तोवर डाळ खा, अंडी खा. अकोल्याला जायची गरज नाही."

तरी पुढं कितीतरी दिवस वर्गात शिपाई कागद घेऊन आला की मी डावी मूठ आवळून घ्यायचे. नाव कोणी काटलं नाही. दाखल्यावरची जन्मतारीख बाबांनीच चार चकरा मारून दुरुस्त करून घेतली.

एकोणिसाव्या वर्षी मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरातली पहिली. उंची पाच फूट दोन इंच.