सोनगडला उतरलो तेव्हा

रविवारी मला फक्त झोप हवी असायची. सहा दिवस पहाटे भेस्तानच्या चौकातून ठेकेदाराची बस पकडायची, अर्धं सुरत ओलांडून इच्छापोरला कंपनीत जायचं, दिवसभर पाइप आणि लोखंडी पाने उचलायचे आणि अंधार पडल्यावर त्याच बसमध्ये काचेला डोकं टेकून घरी यायचं. जेवताना बायको काही सांगत असली की मी हूं हूं करायचो आणि शेवटी ती म्हणायची, "जा, झोपा आता." चाळिशी ओलांडल्यावर अंगातला शीण एका रात्रीत जात नाही. त्याला रविवार लागतो.

तोच रविवार आप्पांनी मागितला.

आप्पा म्हणजे माझे वडील. धुळ्याकडचं गाव सोडून ते तरुणपणी सुरतेला आले आणि लूमच्या कारखान्यात लागले ते शेवटपर्यंत. त्या खडखडाटात त्यांचे कान गेले. घरात माय, बायको, मी, सगळे त्यांच्याशी ओरडूनच बोलतो, शेजाऱ्यांना वाटतं भांडणं चाललीत. मालकानं जुने लूम भंगारात काढले आणि आप्पा घरी बसले. पहिले काही महिने ते कॉटवर बसून रस्त्याकडे बघत राहिले. मग एका शनिवारी मला म्हणाले, "गावाला जाता-येता गाडी बारडोलीवरून जायची, व्याऱ्यावरून जायची, सोनगडवरून जायची. उभ्या जन्मात एकदाही उतरलो नाही. लोक म्हणतात तिथं जुनं काय काय आहे. मला बघायचंय." ते घरात अहिराणीच बोलतात, मी इथं माझ्या मराठीत लिहितोय.

नाही कसं म्हणणार?

पहिल्यांदा बारडोली केली. उधन्याहून सकाळची गाडी, मग रिक्षा. सत्याग्रहाच्या वेळचा आश्रम बघायचा होता. आत फोटो, चरखे, स्वच्छ सारवल्यासारखी शांतता. आप्पा एका फोटोसमोर थांबले. मोठ्या मैदानात माणसंच माणसं बसलेली होती. त्यांनी मला विचारलं, म्हणजे ओरडूनच विचारलं, "एवढ्या माणसांना जेवायला कोण घालत होतं?" तिथला माणूस पुढे आला आणि हळूच म्हणाला, "काका, धीमे बोलो."

"काय म्हणतो?" आप्पा.

"हळू बोला म्हणतो," मी म्हणालो.

"काय?"

"हळू बोला म्हणतोय तो!" मी सगळ्या आश्रमाला ऐकू जाईल असं ओरडलो. त्या माणसानं कपाळाला हात लावला. आप्पा मात्र खूश होते. बाहेर येऊन त्यांनी उसाचा रस प्यायला आणि रस्त्यानं साखर कारखान्याकडे जाणाऱ्या उसाच्या गाड्या बघत बसले. मी बाकावर बसल्या बसल्या पेंगत होतो. घरी आलो तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सोमवार दारात उभा होता.

मग व्यारा झालं. तिथलं मला आज काहीही आठवत नाही. परतीच्या गाडीत जागा मिळाली नव्हती, एवढंच आठवतं.

सोनगडला जायचं ठरलं त्या आठवड्यात कंपनीत शटडाउन होता. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चालते तेव्हा आम्हा ठेक्याच्या माणसांना घड्याळ नसतं. शनिवारी घरी आलो तर हात वर उचलून शर्ट काढवत नव्हता. बायको म्हणाली, "मी सांगते त्यांना, पुढच्या रविवारी जा म्हणून."

मी बाहेर डोकावलो. आप्पांनी धुतलेला सदरा खिळ्याला अडकवून ठेवला होता आणि ते बूट पुसत होते.

"राहू दे," मी म्हणालो.

सोनगडचा किल्ला मराठ्यांच्या वेळचा, गावाला लागूनच असलेल्या डोंगरावर. रिक्षावाल्यानं पायथ्याशी सोडलं. तिथून एक वळणावळणाचा रस्ता वर जातो आणि एक पायऱ्यांची चढणही आहे. आप्पा थोड्या पायऱ्या चढले आणि गुडघा धरून उभे राहिले. तसेच परत उतरून एका झाडाखाली दगडावर बसले. जवळच एक बाई पेरू विकत होती.

"तू जाय, देखी ये," ते म्हणाले. "मग मला सांग, काय काय आहे ते."

"तुम्ही एकटे बसाल?"

"मला काय होतंय? जा."

मी चढलो. वर पोहोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती. वर तटबंदी होती, पडक्या भिंती होत्या आणि लांब उकाई धरणाचं पाणी चमकत होतं. आप्पांना सांगायला एवढं पुरेसं आहे, असं वाटलं. तटाच्या सावलीत गार दगड होता. क्षणभर टेकावं म्हणून बसलो, मग आडवा झालो.

जाग आली तेव्हा तोंडावर ऊन होतं. सावली भिंतीपलीकडे सरकली होती. मी धडपडत उठलो. आप्पांना फोन करून उपयोग नव्हता, त्यांना रिंग ऐकू येत नाही. पायऱ्यांवर पाय लटपटतील म्हणून रस्त्यानं जवळजवळ पळतच खाली आलो. दगड रिकामा होता.

पेरूवाली म्हणाली, "काका तो उपर गया. क्यारना तमने बूम पाडता हता." बराच वेळ ते मला हाका मारत होते आणि मग वर गेले.

मी रस्त्यानं उतरलो तेव्हा ते पायऱ्यांनी चढत होते. पायऱ्यांनी पुन्हा वर निघालो. आता पाय दुखत आहेत की नाहीत, हेही कळत नव्हतं. हाक मारून काय होणार होतं, तरी मी मारत होतो, "आप्पा! आप्पा!" आणि प्रत्येक वळणावर मला वाटायचं, आता इथं ते पडलेले दिसतील.

ते अर्ध्या वाटेवरच्या पडक्या दरवाज्याजवळ बसलेले सापडले. बूट काढून बाजूला ठेवले होते, सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मला खालून येताना बघून त्यांनी आधी डोळे बारीक केले आणि मग मान खाली घातली. मी जवळ जाऊन बसलो.

"हाका मारल्या," ते म्हणाले. "तू ओ दिली असशील तरी मला काय कळणार? मग म्हटलं, जाऊन बघावं."

"झोप लागली होती," मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो.

मला वाटलं रागावतील. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, अगदी लहानपणी ताप आल्यावर बघायचे तसं.

"लय थकस का रे?"

मी मान डोलावली. खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो.

"मी पण," ते म्हणाले. "रातपाळी करून गावच्या गाडीत बसायचो ना, बारडोली आली की डोळा लागायचा. नंदुरबारला तुझी माय उठवायची. लोक सांगायचे, वाटेत सोनगड लागतं, डोंगरावर किल्ला आहे. मी कधी बघितलाच नाही. उतरणं तर लांबच." त्यांनी पाय लांब केले आणि सावलीकडे बोट दाखवलं. "जप घटकाभर. मी आठे बठस."

जप म्हणजे झोप, आठे बठस म्हणजे इथं बसतो. चाळिशीच्या माणसाला बापानं असं झोपायला सांगावं याची मला लाज वाटली, पण मी दरवाज्याच्या भिंतीला पाठ लावली. झोप काही लागली नाही. डोळे मिटून पडलो होतो आणि त्यांच्या धापेचा आवाज हळूहळू खाली बसताना ऐकत होतो. वर जाऊ या, असं ते म्हणाले नाहीत. मीही म्हणालो नाही. मग त्यांचा हात धरून एकेक पायरी करत उतरलो. खाली पेरूवालीनं दोघांना बघून हात जोडले.

पुढच्या रविवारी त्यांनी मला उठवलं नाही. मी दुपारपर्यंत झोपलो. उठलो तर घरात आप्पा नव्हते आणि मायही नव्हती.

"दोघं नवसारीला गेलेत," बायको म्हणाली. "डबा घेऊन. पारशांची जुनी घरं बघायची म्हणाले."

"माय गेली?"

"त्याच म्हणाल्या, याच्या बापाला ऐकू जाईल असं या घरात मीच ओरडू शकते."

ते हिवाळाभर असे जात राहिले. एकदा भरूचला गेले, दोनदा परत बारडोलीला. नंतर मायच्या पायांना सूज यायला लागली आणि ते जाणं थांबलं. आता आप्पा पुन्हा कॉटवर बसतात. कधी कधी मी कामावरून येऊन त्यांच्याशेजारी बसतो. ओरडून बोलायचं त्राण माझ्यात नसतं आणि ते काही विचारतही नाहीत. बायको ताटं वाढेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहतो.