पहिले तुयं सांग

साकोलीत सगळे तिला कंपाउंडरची बाई म्हणत. कंपाउंडर वारल्यावरही तेच म्हणत. भाताच्या रोवणीहून परतलेल्या आमच्या वस्तीतल्या मुलींना ती संध्याकाळी बुद्धविहारात जमवायची आणि एकेकीला बाकावर उभं करून बोलायला लावायची.

"मी किसनाची पोरगी," असं कुणी सुरू केलं की ती तिथंच अडवायची. "बापाचं नाव मंग सांगजो वं, पहिले तुयं सांग. लाजून काहून राहिली? नाव का उसनं आनलं हाये?" मुली खिदळायच्या. मग नाव यायचं, आधी दबकं आणि काही दिवसांनी ठणठणीत. त्यांतल्या दोघी पुढे ग्रामसभेत उभ्या राहून पाण्यासाठी भांडल्या.

विहाराची किल्ली माझ्याकडे असे. एकदा मुली गेल्यावर कुलूप लावायला गेलो, तर बाई एकटीच बाकावर उभी होती. समोर मुलींना बसायला अंथरलेल्या टाटपट्ट्या रिकाम्या होत्या आणि ती काहीतरी बोलायच्या बेतात होती. मी हसलो. "बाई, सभा कोनाची हाये?"

ती चटकन उतरली. "कोनाची नाही भाऊ. बाक हालते का, पाहून राहिली होती."

बाक हलत नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तरी मी कुलूप लावलं आणि ती एकटी घराकडे निघाली.

मुलींचा तो वर्ग मी सुरू केला, असं आता गावात सांगतात. तो तिचा होता. हे लिहायला बसलो, तेव्हा तिच्याच नियमानं आधी तिचं नाव लिहायचं ठरवलं होतं. मला फक्त कंपाउंडरचं माहीत आहे.