मिश्रीखालची जीभ
तव्यावर तंबाखूची मिश्री भाजल्याचा वास आला की पाथर्डीकडच्या आमच्या गावातली ती सकाळ आठवते. दिवाळी नुकतीच झाली होती. ऊसतोडीचा ट्रक दारात उभा होता आणि आई धापा टाकत सामान चढवत होती. रक्तवाढीच्या गोळ्या वाटत आलेल्या आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य सेविका, थबकल्या. "वैनी, जीभ दाव." आईने दाखवली. मिश्रीने काळीकुट्ट. "मला काय झालंय? धडधाकट हाय." "चूळ भर आदी!" तीन चुळांनंतर खालून निघाली ती पांढरीफटक, गुळगुळीत जीभ. ताई वडिलांकडे वळल्या, "अंगात रक्त न्हाई हिच्या. तपासल्याबिगर न्यायची न्हाई." तोडीला नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, मजुरीही जोडीचीच; आई म्हणाली, "मी न्हाई गेले तर ह्यांचा कोयता अर्धा पडंल." मी नववीत होते. ट्रकवर चढले, तिचं गाठोडं खाली फेकलं आणि त्याच्यावरच जाऊन बसले. मुकादम ओरडला, वडील ओरडले, मी हलले नाही. शेवटी ट्रक वडिलांना घेऊन गेला, आई राहिली. आता त्या गावची आशाताई मीच आहे. दारात ट्रक लागला की निघालेल्या प्रत्येक बाईच्या हातात मी आधी पाण्याचा तांब्या देते.