बोळका म्हातारा

म्हातारी माणसं कानाची तपासणी करून घेताना लबाडी करतात, हे त्याला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं. काचेच्या खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक शिट्टी ऐकू आली की बोट वर करा म्हणून सांगायचं. पण गिऱ्हाइकाचं लक्ष शिट्टीकडे नसायचंच. ते काचेतून त्याच्या हाताकडे टक लावून बघायचं. बटणावरचं त्याचं बोट हललं की आतलं बोट वर.

मग तो माइकवर म्हणायचा, “आजोबा, कान तपासतोय, डोळे नाहीत. तोंड भिंतीकडे करा बघू.”

बाहेर बाकावर बसलेली सून खुदकन हसायची. आजोबा शाळकरी पोरासारखे भिंतीकडे वळायचे, आणि मग बोट काही वर यायचं नाही.

श्रवणयंत्रांचं हे दुकान वडिलांचं. पोट त्यावर चालायचं, पण नाव झालं होतं ते ‘परतीचं यान’ या मालिकेमुळे. अंतराळात भरकटलेल्या जहाजाची ती परदेशी मालिका त्याच्या कॉलेजच्या दिवसांपासून आपल्या भाषेत डब होऊन येत होती आणि अजून संपायचं नाव घेत नव्हती. दर शनिवारी संध्याकाळी दुकान बंद झालं की तो त्याच काचेच्या खोलीत माइक लावून बसायचा आणि त्या आठवड्याच्या भागाची सालटी काढून इंटरनेटवर टाकायचा. ऐकणारे हजारोंनी होते. ते त्याला कानसेन म्हणत.

कानसेनचं म्हणणं साधं होतं: पहिली सात पर्वं सोनं, पुढचं सगळं पितळ. कथा पातळ झाली, कप्तान बाई रडूबाई झाली, परग्रहावरचे दगड थर्माकोलचे दिसू लागले. पण त्याचा खरा राग होता तो म्हाताऱ्यावर. म्हातारा म्हणजे जहाजाचं बोलणारं यंत्र. सात पर्वं त्याला आवाज देणारे एक जुने नट वारले आणि आठव्यापासून ते काम दुसऱ्याकडे गेलं. हा दुसरा म्हणजे कानसेनच्या धाकट्या बहिणीचा नवरा.

“नवा म्हातारा अर्धी अक्षरं गिळतो,” कानसेनने पहिल्याच आठवड्यात जाहीर केलं. “स नाही, श नाही. यंत्र बोलतंय की कवळी हरवलेला माणूस पेज पितोय? मंडळी, आपल्याला बोळका म्हातारा मिळालाय.”

नाव चिकटलं. ज्यांना सगळी अक्षरं नीट ऐकू येत होती, त्यांनाही कानसेनने सांगितल्यावर ती ऐकू येईनाशी झाली. कुणी बोळक्याची चित्रं काढली, कुणी त्याच्यासाठी दंतमंजनाच्या जाहिराती बनवल्या. मेहुणा भाजी आणायला गेला की मागून कुणीतरी ओठ आत ओढून बोलून दाखवायचं. तो हसून पिशवी दुसऱ्या हातात घ्यायचा.

शेवटचं पर्व यायचं ठरलं, तेव्हा बहीण दुकानात आली.

“दादा, कंपनी आवाज बदलायचं म्हणतेय. तुझे लोक रोज पत्रांवर पत्रं पाठवताहेत. महिनाअखेर ठरवणार आहेत.”

“मग?”

“मग काय! हे गेलं तर यांना दुसरं काम कुठलं? या वयात कोण घेतंय नवा आवाज? एक शनिवार गप्प बस. चांगलं बोल असं नाही म्हणत मी. नुसता गप्प बस.”

“घरचा म्हणून सोडला, तर मी कानसेन कसला?” तो म्हणाला. “आणि मेहुण्यांना सांग, मनाला लावून घेऊ नका. टीका आवाजावर आहे, माणसावर नाही.”

“त्या माणसाकडे आवाजाशिवाय आहे काय, दादा?”

त्या शनिवारी त्याने मेहुण्याचे निवडक प्रसंग एकामागून एक लावले आणि प्रत्येकानंतर पाण्याने गुळणी केल्याचा आवाज काढला. तो भाग त्याच्या आजवरच्या सगळ्या भागांपेक्षा जास्त ऐकला गेला.

बुधवारी भरदुपारी बहीण पुन्हा आली. दुकानात चिटपाखरू नव्हतं. या वेळी ती विनवायला आली नव्हती. पर्स काउंटरवर ठेवून ती सरळ मशीनमागच्या खुर्चीवर बसली. लग्नाआधी वडिलांच्या हाताखाली ही खुर्ची तीच सांभाळायची.

“आत बस.”

“काय खुळचटपणा आहे?”

“परवा आमच्याकडे पोरीला ताप होता. थर्मामीटर तू धरला होतास. तो वाजला, वाजून थांबला, पुन्हा वाजला, आणि तू आपला वाजायची वाट बघत बसलास. मी ओट्यापाशी होते, मला ऐकू आलं. बस आत.”

तो हसत आत गेला. हेडफोन स्वतःच चढवले. जाडे, घोगरे सूर आले, त्याने झटपट बोट वर केलं. मग सूर चढत गेले, बारीक होत गेले, आणि मध्येच कुठेतरी नाहीसे झाले. काचेपलीकडे बहिणीचं बोट बटणावर दाबलं गेलेलं त्याला दिसलं.

त्याने बोट वर केलं.

ते पुन्हा दाबलं गेलं. त्याने पुन्हा वर केलं. बहीण त्याच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता ना दया. तिने माइक ओढला.

“आजोबा,” ती म्हणाली, “तोंड भिंतीकडे करा बघू.”

तो वळला. भिंतीवरच्या करड्या स्पंजला खाचा होत्या. इतकी वर्षं म्हातारी माणसं काय बघत बसायची, ते त्याला पहिल्यांदा दिसलं. बोट मांडीवरच राहिलं. बराच वेळ काहीच आलं नाही. त्याने हेडफोन काढले, आणि दार उघडून ती आत आली, तेव्हा तिची पावलंही त्याला ऐकू आली नाहीत.

“मशीनला काहीतरी झालंय,” तो म्हणाला.

“तुझी पाठ होती तेव्हा बाहेरचा दुसरा हेडफोन मी कानाला लावला होता. मशीन ठणठणीत आहे.” तिने पर्स उचलली. “शनिवारी एवढंच सांग, की माझ्या ऐकण्यात चूक झाली. तुझ्या कानांचं नाव काढू नकोस हवं तर. कंपनी सोमवारी ठरवणार आहे.”

शनिवारी दुपारी त्याने शटर अर्धं ओढलं आणि दुकानातलं एक यंत्र स्वतःच्या कानात बसवलं. प्रथम सदऱ्याची बाही सळसळली. मग डोक्यावरच्या ट्यूबलाइटची गुणगुण आली. त्याने मेहुण्याचा तो प्रसंग लावला, जहाज सोडून जाणाऱ्या शेवटच्या खलाशाला म्हातारा निरोप देतो तो, ज्यावर त्याने सगळ्यात मोठी गुळणी केली होती.

“सावकाश जा,” म्हातारा म्हणाला. “श्वास सांभाळ. समोर सगळा अंधारच असेल, पण तो आपलाच आहे.”

एकही अक्षर गळलं नव्हतं. प्रत्येक स काचेवर रेघ ओढावी तसा उमटला होता. त्याने तो प्रसंग पुन्हा लावला, मग आणखी एकदा.

मग त्याने पहिलं पर्व काढलं, ते सोनं. जुन्या नटांचं पहिलंच वाक्य सुरू झालं आणि त्याच्या शेवटी काहीतरी खट्कन वाजलं. दुसऱ्या वाक्याशेवटीही वाजलं. त्याने कान लावला. ती कवळी होती. नट बोलत होते आणि सैल कवळी टाळूवर आपटत होती, अक्षरांमधून वारा फुसफुसत होता. हे भाग त्याला तोंडपाठ होते, म्हणजे इतकी वर्षं तो ते ऐकत नव्हताच, नुसता आठवत होता.

संध्याकाळ झाली. फोनवर लोक जमू लागले. *आज बोळक्याचं तेरावं घाला. महाराज, गुळणी विसरू नका. कानसेन, तुमच्यासारखा कान होणे नाही.* शेवटचा निरोप त्याने दोनदा वाचला.

त्याने यंत्र काढलं, पुसलं, डबीत ठेवलं आणि डबी कपाटात जागच्या जागी लावून टाकली. पाण्याचा पेला भरला. तेवढ्यात अर्ध्या शटरखालून वाकून बहीण आत आली आणि काचेसमोर उभी राहिली.

तो खोलीत गेला. दार लावलं. त्या दारातून कसलाही आवाज बाहेर येत नाही, वडिलांनीच तशी खोली बांधून घेतली होती. माइक जवळ ओढताना त्याची नजर काचेकडे गेली, बहिणीशी भिडली.

त्याने आपणहून खुर्ची फिरवली आणि तोंड भिंतीकडे केलं.

बहिणीला बाहेरून फक्त त्याची पाठ दिसत होती. पेला वर गेला, मान मागे झाली, पेला खाली आला. मग पाठ हलू लागली. हसताना दादाची पाठ अशीच हलते, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं.

तिने फोन काढून घरी लावला.

“रेडिओसारखं ते लावून बसला असाल, तर बंद करा,” ती नवऱ्याला म्हणाली.

“लावलंय,” तो म्हणाला. प्रत्येक अक्षर स्वच्छ. “आज जरा जास्तच रंगलाय तुझा दादा.”