चार नंबरच्या जागेतला चार्जर

"काका, चार्जरनं फ्लॅटची किंमत एक रुपयाबी वाढत नाई," दुर्गेश दलालाने मोटरसायकलवरून न उतरताच सांगून टाकलं. "लोक पाणी पाहतात, लिफ्ट पाहतात, दरवाजा कोन्या दिशेले हाय ते पाहतात. चार्जर कोन पाहते?"

"तू जाहिरातीत लिहिशीन का नाई, येवढं सांग."

"लिहीन ना. लिहाले काय जाते?"

"मंग लिही. महिन्याभरात लावतो," जागेश्वरभाऊ म्हणाले.

जागेश्वरभाऊ बारापात्रे 'लावतो' म्हणाले की ती गोष्ट लागतेच. हिंगण्याच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेला हा माणूस. मशीन बंद पडलं की साहेब लोक कागद शोधायचे आणि हे पान्हा. रिटायर होऊन पाच वर्षं झाली, तरी वरच्या खिशातला टेस्टर काही सुटला नाही. लग्नाच्या पंगतीत वाढप्याची वाट बघता बघता मंडपाच्या बोर्डाला तो लावून पाहतील, असा स्वभाव.

मनीषनगरच्या त्या इमारतीत सगळे हसत होते, आणि हसण्यासारखं होतंच. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी म्हणतात, तसला प्रकार. जागेश्वरभाऊंकडे गाडी नव्हती. होती ती एक जुनी पेट्रोलची स्कूटर, तीही उतारावर उभी केली तरच सुरू होणारी. पहिल्या मजल्यावरचा हर्षित जिन्यात भेटला की विचारायचा, "काका, चार्जर तं आला, गाडी कधी आणता?" जागेश्वरभाऊ म्हणायचे, "गाडी घेनारा आणतो." आणि पायऱ्या चढू लागायचे.

पायऱ्या चौपन्न होत्या. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, इथेच सगळं घोडं पेंड खात होतं. वीस वर्षांपूर्वी घेतला तेव्हा तिसरा मजला स्वस्त पडला आणि गुडघे धड होते. आता वच्छलाबाईंचे दोन्ही गुडघे गेले होते. मागच्या दसऱ्याला त्या सोनं द्यायला खाली उतरल्या, आणि परत चढताना दुसऱ्या मजल्यावर बसून राहिल्या. अर्धा तास. जागेश्वरभाऊंनी हात धरला तर म्हणाल्या, "थांबा जराशी," आणि पदर तोंडाला लावून रडल्या. नवऱ्याला ते रडणं फार लागलं. त्यानंतर त्या उतरल्याच नाहीत. भाजीवाला आला की गॅलरीतून दोरीला टोपली सोडायच्या, वर ओढून घ्यायच्या. मार्च उजाडला तरी त्यांचे पाय जमिनीला लागले नव्हते.

मागच्याच गल्लीत धोंडबा म्हणून ओळखीचे म्हातारे राहत. त्यांचं दोन खोल्यांचं बैठं घर, दारात लिंबाचं झाड, पायरी एकच. ते कुही गावी लेकीकडे कायमचे जाणार होते. "अक्षय तृतीयेपर्यंत थांबतो जागेश्वर, मंग मात्र दुसऱ्याले देईन," असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे तोवर वरचा फ्लॅट विकला जायला हवा. पाहायला दहा जण येऊन गेले. दहाही जण धापा टाकत वर आले, एक एक ग्लास पाणी प्याले आणि "कळवतो" म्हणून गेले.

पण चार्जरचा हट्ट नुसता गिऱ्हाईक मिळावं म्हणून नव्हता. त्याचं मूळ उमरेडला होतं. बारापात्रे विणकर. घरात दोन माग होते, आणि मागाखाली विणणाऱ्याने पाय सोडून बसायचे दोन खड्डे. त्या आळीत घर पाहायला आलेला माणूस आधी विचारायचा, "माग किती बसतात?" खोल्या वगैरे नंतर. पुढे हातमागाचं काम उठलं आणि वडिलांनी घर विकायला काढलं. गिऱ्हाईक आलं, त्याने माग नाही पाहिले. खड्डे पाहिले, आणि ते बुजवायला चार बैलबंड्या मुरूम लागेल म्हणून तेवढे पैसे किमतीतून कापले. वडील काहीच बोलले नाहीत. बाहेर ओट्यावर जाऊन बसले. ज्या खड्ड्यात पाय सोडून त्या माणसाने सहा लेकरं वाढवली, त्याची किंमत उणे लागली होती. जागेश्वरभाऊ तेव्हा बावीस वर्षांचे होते, बाजूलाच उभे होते आणि तेही गप्पच राहिले. त्या गप्प राहण्याची लाज चाळीस वर्षांत कमी झाली नाही. आपल्या हाताने घरात केलेल्या कामाची किंमत आपल्याला लावता आली पाहिजे, हे तेव्हापासून डोक्यात बसलं ते बसलंच.

म्हणून ते कामाला लागले. सोसायटीच्या बैठकीत तीन वेळा तेच तेच प्रश्न ऐकून घेतले आणि चौथ्यांदा ठरावावर सह्या घेतल्या. वीज कंपनीकडून वेगळं मीटर आणलं. खाली पार्किंगमध्ये जिथे त्यांची स्कूटर उभी राहायची, त्या चार नंबरच्या जागेतल्या खांबावर चार्जरची पेटी बसवली. केबलचे क्लिप मोजपट्टी लावून ठोकले. आणि अर्थिंगसाठी खड्डा खोदवला, माणूसभर खोल. त्यात पाइप उभा केला, कोळसा आणि खडे मीठ थर देऊन भरलं, पाणी ओतलं, वर झाकण बसवलं. वच्छलाबाईंनी वरून विचारलं, "खड्ड्याचाच नाद लागला काय वं माय तुमच्या घराण्याले?" जागेश्वरभाऊ हसले. खूप दिवसांनी बायको वरून थट्टा करत होती.

जाहिरात लागली आणि आठव्या दिवशी मेघा आली. तिशीतली मुलगी, हिंगण्याच्याच एका कंपनीत नोकरीला. विजेवरची छोटी गाडी घेतली होती आणि घरमालक भाड्याच्या घरात चार्जिंग करू देत नव्हता. दर दोन दिवसांनी बाहेर कुठेतरी रांगेत उभी राहून ती कंटाळली होती. चौपन्न पायऱ्या ती न थांबता चढली. दोन मिनिटांत घर पाहून झालं. मग खाली येऊन चार्जरसमोर उकिडवी बसली.

"काका, अर्थिंग वेगळी केली?"

जागेश्वरभाऊंनी झाकण उचललं. मेघाने आत वाकून पाहिलं, केबलवरून नजर फिरवली आणि उठून हात झटकले.

"चार्जरचे वेगळे पैसे देनार नाही मी, आधीच सांगते."

"मागतबी नाई."

"पण तुम्ही सांगितली ती किंमत कमीही करनार नाही. मले अजून घरं पाहत हिंडायचं नाही."

जागेश्वरभाऊंना एवढंच हवं होतं. मुरूम कापला नव्हता. त्या दिवशी त्यांनी येताना पाव किलो जिलेबी आणली.

जिलेबी संपायच्या आत कागद आले. मेघाच्या वकिलाने खरेदीखत वाचलं. त्यात जागेश्वरभाऊंच्या फ्लॅटला पार्किंग नंबर सहा लिहिलं होतं. चार नंबर हर्षितच्या फ्लॅटचा.

मग आठवलं. अकरा वर्षांपूर्वी हर्षितच्या वडिलांनी मोठी गाडी घेतली. चार नंबरच्या जागेत खांब आडवा यायचा, गाडी वळायची नाही. "जागेश्वर, तुही स्कूटर कुठंबी मावते. तू चारात ये, मी सहात जातो." चहा झाला, जागा बदलल्या. कागद कोण करतो? हर्षितचे वडील वारले, मोठी गाडी विकली गेली, सगळे विसरले. कारखान्यात एक वायर बिनचिठ्ठीची न सोडणाऱ्या माणसाने स्वतःच्या जागेवर चिठ्ठी लावली नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

ते हर्षितच्या दारात गेले. हर्षितने कागद नीट वाचला. वाईट मुलगा नव्हता, पण व्यवहारी होता.

"म्हणजे काका, लिखापढीत चार नंबर माझाच ना?"

"होय. मी पेटी काढून सहात नेतो."

"काढता काहून? राहू द्या ना. आमी बी पुढं-मागं फ्लॅट विकूच. चार्जरवाली पार्किंग म्हटलं तं किंमत वाढते."

जागेश्वरभाऊंच्या डोक्यात तिडीक गेली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय? पण त्याच क्षणी आतून हसूही आलं. दोन महिने दलाल, सोसायटी, सगळे सांगत होते की चार्जरने किंमत वाढत नाही. वाढते म्हणणारा पहिला माणूस भेटला तो हा.

"हर्षित, हेच मले कोनाच्या तरी तोंडून आयकाचं होतं," ते म्हणाले. "आता काढून नेतो. खांब तुहा, पेटी माही."

मेघाला त्यांनी स्वतःच फोन केला आणि जसं होतं तसं सांगितलं. ती म्हणाली, "काका, मी शनिवारपर्यंत थांबते. बेसा भागात अजून एक घर दाखवून राहिले मले." शनिवारला चार दिवस होते. अक्षय तृतीया रविवारी.

पेटी आणि केबल काढून लावणं एका दिवसाचं काम. खरी गोष्ट होती अर्थिंगच्या खड्ड्याची. जुन्यापासून वायर ओढता आली असती, आणि दुर्गेशने तेच सुचवलं. "दुसऱ्याच्या खड्ड्यावर आपली अर्थिंग नाई ठेवत," जागेश्वरभाऊ म्हणाले. मजूर शोधले तर लग्नसराईत एक मिळेना. एप्रिलचं ऊन नऊ वाजताच चटके देत होतं. शेंडी तुटो की पारंबी, असं म्हणून बुधवारी पहाटे साडेपाचला ते खोदायची सब्बल घेऊन सहा नंबरच्या जागेत उभे राहिले. वय त्रेसष्ट.

वर मुरूम, खाली चिकट काळी माती. पहिल्या दिवशी गुडघाभर, दुसऱ्या दिवशी कमरेच्या वर. हात सोलवटले, त्यांना फडकं बांधलं. वच्छलाबाई गॅलरीतून म्हणाल्या, "अवो, धूप लागून जाईन. काय करून राहिले तुमी?" उत्तर म्हणून सब्बलचा आवाज आला. जेवायला ते वर गेले नाहीत. टोपलीतून भाकरी खाली आली.

शुक्रवारी सकाळी खड्डा माणूसभर झाला. कोळसा आणून ठेवला होता, पण मिठाची थैली वरच राहिली होती. त्यांनी हाक मारली, "मीठ सोड वं टोपलीत."

टोपली आली नाही. दुसऱ्यांदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली. मग जिन्यातून काहीतरी घासत येण्याचा आवाज आला. ते खड्ड्याबाहेर निघून जिना चढून गेले. वच्छलाबाई बसून उतरत होत्या. मिठाची थैली आधी खालच्या पायरीवर ठेवायची, मग आपण सरकायचं, पुन्हा थैली, पुन्हा आपण. दुसऱ्या मजल्यापर्यंत आल्या होत्या. जागेश्वरभाऊंनी हात पुढे केला.

"हात नका लावू," त्या म्हणाल्या. "तुमी तीन दिवस कोनाचा हात घेतला काय?"

पाऊण तासाने त्या खाली पोचल्या. पातळ मळून गेलं होतं. चालत खड्ड्यापाशी आल्या, काठावर बसल्या आणि दोन्ही पाय आत सोडले. लग्न होऊन उमरेडच्या घरात आल्या तेव्हा सासऱ्याच्या मागावर वर्षभर त्या अशाच बसल्या होत्या.

"असे सोडले का दुखत नाई," त्या म्हणाल्या. "तवाबी दुखत नव्हते."

जागेश्वरभाऊंनी कोळशाचं घमेलं पुढे ओढलं. ते कोळसा टाकत गेले आणि त्या वरून मीठ पसरत गेल्या, एक थर काळा आणि एक पांढरा. ऑफिसला निघालेला हर्षित तिथे थबकला. मग बॅग खाली ठेवून नळाची बादली भरून आणली.

"काका, तो चारातला खड्डा बुजवाचा का?" त्याने विचारलं.

"बुजवत नाई. तुमच्या मीटरच्या बोर्डाची जुनी अर्थिंग सडली हाय, मी पाहिली. त्याले जोडून देतो. तुम्हा सगळ्यांच्या कामी येईन."

हर्षितने बादली ओतली. पाणी मिठातून खाली झिरपत गेलं. दुपारी पेटी नव्या जागी कंपाउंडच्या भिंतीवर बसली. जागेश्वरभाऊंनी पेटीवर पांढऱ्या रंगाने मोठा सहा काढला आणि मेघाला फोटो पाठवला. तिने लिहिलं, उद्या कागद करू.

"चाल, वर जाऊ हळूहळू," ते बायकोला म्हणाले.

"मी वर येत नाई."

"म्हंजे?"

"म्हंजे नाई येत. चौपन्न पायऱ्या उतरली मी, चढाले नाई उतरली. धोंडबाभाऊच्या घरी चला."

"अवं, कागद उद्या होईन. आज कसं जाता येईन?"

"तुमी खड्डा खोदाच्या आधी कागद झाले होते काय?"

दोघं हळूहळू मागच्या गल्लीत गेले. धोंडबांनी फाटक उघडलं, बाजेवरची चादर झटकली आणि म्हणाले, "बसा वैनी." मग जागेश्वरभाऊ एकटे वर गेले आणि संध्याकाळपर्यंत टोपली खाली सोडत राहिले. आधी औषधं, मग दोन पातळं, तवा, पोळपाट, देवातला बाळकृष्ण. खाली हर्षित टोपली रिकामी करून दोरी हलवायचा.

शनिवारी मेघाने सही केली, सांगितलेल्या किमतीला. रविवारी अक्षय तृतीयेला धोंडबांच्या घराचा सौदा पक्का झाला. सोमवारी दुर्गेश आपलं कमिशन घ्यायला आला आणि मोटरसायकलवरून या वेळी उतरला.

"मानलं काका. चार्जरनं गिऱ्हाईक तं आणलं. पण खरं सांगा, किंमत किती वाढली?"

लिंबाच्या झाडाशी वच्छलाबाई लोट्याने पाणी घालत उभ्या होत्या, अनवाणी, ओल्या मातीत. जागेश्वरभाऊंनी तिकडे पाहिलं.

"वाढलं काहीच नाई गा," ते म्हणाले. "चौपन्न पायऱ्या कमी झाल्या."

मग खिशातला टेस्टर काढून ते नव्या घराचा बोर्ड तपासायला आत गेले.